एड्सची 'लागण' होत नसते

मा. संपादक, स. न. वि. वि.

बातम्यांत 'एड्सची लागण' हे शब्द अजून सर्रास दिसतात. सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हाताळण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे ते खटकतात. लागण होते ती एचआयव्ही या विषाणूची. एड्स ही पुढची अवस्था. उपचार नसतील तर ती बहुधा आठ-दहा वर्षांनी येते. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या आणि चुकवल्या नाहीत, तर बहुतेकांना ती गाठतही नाही.

हा विषाणू शरीरातल्या सीडी-४ या पांढऱ्या पेशींना धरतो. या पेशींचं मुख्य काम इतर पेशींना सावध करून कामाला लावणं. गावावर दरोडा घालायचा आणि आधी दवंडीवालाच फोडायचा, तसला हा प्रकार! आत शिरला की विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करून पेशीच्या डीएनएत घुसवतो. मग ती पेशी त्याच्याच प्रती काढत राहते आणि शेवटी मरते. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. आकडा २००च्या खाली घसरला की एड्स म्हणायचं. तोवर क्षयाने दार ठोठावलेलं असतं. आपल्याकडे बहुतेकदा तोच आधी येतो.

काही पेशी मात्र विषाणू पोटात घेऊन वर्षानुवर्षं गप्प बसतात. गोळ्यांचा त्यांच्यावर इलाज चालत नाही. म्हणून 'आता बरं वाटतंय' म्हणत गोळ्या सोडल्या की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. असाच एक तरुण आठवतो. वजन वाढलं म्हणून त्याने गोळ्या सोडल्या होत्या. परत आला तेव्हा खोकत होता, अहवालात आकडा ६४.

गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल तो खरवडून टाकायचा. एसटीत आवाज होऊ नये म्हणून आत कापूस कोंबायचा. 'पेपरात वाचलं की लोक आम्हाला मेलेलेच धरतात, साहेब,' असं एकदा म्हणाला होता.

एआरटी केंद्रांवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्रांवर, २००४पासून औषध मोफत आहे. २०१७पासून तर सीडी-४ कितीही असो, निदान होताच गोळ्या सुरू होतात. तेव्हा कृपया 'एचआयव्हीची लागण' असं छापा. जागाही फार जास्त लागत नाही.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा