योशिदांची छापचित्रं तपासताना

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या अमेरिकेतल्या संग्रहालयाकडे जपानी चित्रकार योशिदा हिरोशी यांच्या लाकडी ठशांवरच्या छापचित्रांची पेटी देणगी म्हणून आली आणि तीत अजिंठ्याचं लेणंही आहे, हे वाचून फार आनंद झाला. योशिदा १९३०-३१ मध्ये मुलगा तोशी याला बरोबर घेऊन हिंदुस्थानभर फिरले, त्या प्रवासातलं ते चित्र. ‘वडिलांनी जपानहून आणली’, एवढंच देणगीदार बाईंनी लिहून दिलंय म्हणतोस. पण पेटी एक आहे म्हणून सगळ्या चित्रांचा इतिहासही एकच, असं धरून चालू नकोस. हा कागद केव्हा छापला आणि कुणाकुणाच्या हातातून इथवर आला, हे दोन प्रश्न प्रत्येक कागदाला वेगळे विचारायचे.

पहिल्याचं उत्तर बहुतेक समासात मिळतं. १९२५ पासून योशिदांनी स्वतःची कार्यशाळा चालवली. ठसे कोरणारे आणि छापणारे पगारी, पण देखरेख त्यांची. अशा प्रतींच्या डाव्या समासात ‘जिझुरी’ हा शिक्का असतो, म्हणजे स्वतःच्या देखरेखीखाली छापलेलं. जवळच जपानी शीर्षक आणि साल. खालच्या समासात पेन्सिलीने इंग्रजी शीर्षक आणि सही. १९५० मध्ये ते गेल्यावरही घरच्यांनी त्याच ठशांवरून प्रती काढल्या, त्यांवर जिझुरी नसतो आणि पेन्सिलीच्या सहीच्या जागी तशीच दिसणारी छापील सही असते. शिक्का नाही म्हणजे मरणोत्तर, असा निकाल मात्र लगेच देऊ नकोस. १९२५ च्या आधी वातानाबे शोझाबुरो यांनी प्रकाशित केलेल्या चित्रांवरही तो नसतो, आणि ती तर दुर्मीळ, कारण १ सप्टेंबर १९२३ च्या टोकियोच्या भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेंचं दुकान ठशांसकट जळालं. शिवाय फ्रेममध्ये बसवण्यासाठी समास कापलेला असेल तर शिक्काही त्याबरोबर गेला. म्हणून आधी चारही समास मोजून लिही. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, दुमडलेला समास नाही ना, तेही बघ.

सही तपासताना दिवा बाजूने, अगदी तिरका धर आणि दहापट भिंगातून बघ. पेन्सिलीच्या रेघेला चकाकी असते, हात दाबला गेला तिथे कागदात बारीक चर उमटलेला दिसतो, वळणावर रेघ जाड-बारीक होते. छापील सही सपाट आणि एकसारखी. तरी शंका राहिली तर दोन चित्रांवरच्या सह्यांचे फोटो एकाच मापात एकमेकांवर ठेव. हाताने केलेल्या दोन सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत, छापलेल्या जुळतात. भिंग हातात आहे तोवर रंगही बघून घे. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते यंत्रावर छापलेलं आहे, लाकडी ठशाचं नव्हे.

नोंदीत सर्वाधिक घोटाळा होतो तो सालाचा. समासातलं साल चित्र तयार झाल्याचं, तुझ्या हातातली प्रत छापल्याचं नव्हे. ते जपानी सम्राटांच्या कालगणनेत असतं. शोवा ६ असेल तर सहात १९२५ मिळव, १९३१ येतं. त्याआधीचा तैशो काळ असेल तर १९११ मिळवायचे. पण १९२६ च्या चित्राची प्रत १९४० च्या दशकातलीही असू शकते. म्हणून नोंदवहीत ‘रचना’ आणि ‘छपाई’ असे दोन रकाने हवेत, आणि पुरावा नसेल तर दुसऱ्यात नेमकं साल न घालता कालखंड लिहावा.

रंग फिकट दिसला की लगेच ‘उडालेला’ असंही लिहू नकोस. योशिदांनी शिडाच्या होड्यांचं एक चित्र १९२६ मध्ये त्याच ठशांवरून सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र अशा वेगवेगळ्या रंगांत छापलं. रंग खरंच उडाला असेल तर माउंटखाली झाकलेल्या कडेला मूळ रंग शाबूत दिसतो. त्याची तुलना कर.

आता पाठीमागची बाजू. तिला मी सगळ्यांत जास्त मान देतो. जुनी फ्रेम, पुठ्ठा, दोरी, खिळे यांतलं काहीही फेकू देऊ नकोस. फ्रेमवाला नवी फ्रेम घालताना जुना पुठ्ठा टाकतो आणि त्यावरचं लेबल कायमचं जातं. आधी जसं आहे तसं फोटो काढ, मग उघड. अमेरिकन फ्रेमवाल्याच्या लेबलावर पाच आकडी झिप कोड असेल तर ते लेबल १९६३ नंतरचं, फोन नंबराआधी एक्स्चेंजचं नाव असेल तर बहुतेक त्याआधीचं. अतिनील दिव्याखाली पुठ्ठा निळसर पांढरा चमकला तर तो साधारण १९५० नंतरचा, कारण कागदात चमक आणणारी द्रव्यं त्या सुमाराला वापरात आली. यांतून फ्रेमचा काळ कळतो, चित्राचा नव्हे, हा फरक टिपणात स्पष्ट लिही. चिकटपट्ट्या स्वतः सोडवू नकोस. कागदाचा पापुद्रा निघून येतो, ते काम जुने कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं.

मालकीच्या साखळीसाठी बाईंशी याच आठवड्यात बोल. वय झालंय त्यांचं. वडील जपानात कोणत्या वर्षी होते, चित्रं एकदम घेतली की पुढे अमेरिकेतही भर घातली, पावत्या, पत्रं, घरातल्या भिंतींचे जुने फोटो, सगळं विचार. युद्धानंतर जपान अमेरिकन फौजांच्या ताब्यात होता त्या काळात, १९४५ ते १९५२, योशिदांची चित्रं अमेरिकन अधिकाऱ्यांनी खूप घेतली, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी आहे, पण पटण्यासारखी म्हणजे सिद्ध नव्हे. वडील सैन्यात असतील आणि त्यांची लष्करी कागदपत्रं मागवशील तेव्हा लक्षात ठेव, सेंट लुईसच्या सरकारी अभिलेखागाराला १९७३ मध्ये लागलेल्या आगीत १९१२ ते १९६० दरम्यान सेवामुक्त झालेल्या सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली गेल्या. फाईल नाही म्हणजे माणूस तिथे नव्हताच, असं होत नाही. पगाराच्या नोंदी आणि तुकडीची रोजची हजेरी यांतून माग लागतो.

काही प्रती युद्धाआधीच अमेरिकेत आलेल्या असतील. ओहायोतल्या टोलेडोच्या कला संग्रहालयात १९३० आणि १९३६ मध्ये आधुनिक जपानी छापचित्रांची मोठी प्रदर्शनं झाली, त्यांत योशिदा होते, आणि दोन्हींच्या सूच्या मिळतात. आणखी एक शक्यता जड मनाने लिहितो. १९४२ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना सरकारी हुकमाने घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. जाताना सामान कवडीमोलाने विकलं गेलं किंवा मागेच राहिलं. एखाद्या चित्राच्या पाठीवर जपानी आडनाव किंवा त्या भागातल्या दुकानाचं लेबल दिसलं तर तिथे थांब, आणि वरिष्ठांना सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. ज्या वर्षांचा माग लागत नाही तिथे ‘१९३२ ते १९४६, मालक अज्ञात’ असं सरळ लिही. रिकामी जागा ओळखू आली तर उद्या कुणी वंशज विचारत येऊ शकेल.

दानपत्राने कागद तुमचा झाला, चित्र छापण्याचा हक्क नाही. जपानात योशिदांचा हक्क २००० अखेर संपला. अमेरिकेत मात्र तो १९९६ मध्ये पुन्हा लागू झाला आणि प्रकाशनापासून ९५ वर्षं चालतो, म्हणजे १९३१ च्या चित्रांसाठी २०२६ अखेरपर्यंत. भेटकार्डं काढण्याआधी तुमच्या वकिलाकडून खात्री करून घ्या. आणि प्रदर्शनात प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) वर नको.

अजिंठ्याच्या चित्राचे फोटो आधी पाठव. समोरून एक, तिरक्या प्रकाशात एक, पाठीचा एक आणि डाव्या समासाचा जवळून एक. मापपट्टी शेजारी ठेवायला विसरू नकोस.

तुझा,
अनंत