फॉरमॅटचं बटण सगळ्यात शेवटी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा गाण्यांचा प्लेअर कधी मेमरी कार्ड ओळखतच नाही, कधी ओळखतो पण निम्मीच गाणी दाखवतो, आणि म्हणून तू कार्ड फॉरमॅट करायला, म्हणजे सगळं पुसून नव्यानं मांडायला, निघाला आहेस. जरा थांब. दोष कार्डाचा, खाचेचा, फॉरमॅटचा (कार्डावर फाइली मांडायच्या पद्धतीचा) की गाण्यांच्या यादीचा, हे आधी ठरू दे. चारही बाबतीत पडद्यावर तोच तो ‘कार्ड एरर’ येतो, म्हणून त्या शब्दांवर जाऊ नकोस.

प्लेअर बंद करून कार्ड काढ आणि कार्ड रीडरमधून संगणकाला लाव. तिथंही काहीच दिसलं नाही तर कार्डामागच्या सोनेरी पट्ट्या बघ. बोटांचा तेलकटपणा पुरेसा असतो. बिनधाग्याच्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन पूस आणि पूर्ण वाळू दे. खोडरबर लोक सुचवतात, पण त्यानं मुलामा झिजतो आणि चुरा खाचेत जातो. प्लेअरच्या खाचेत सुई-टाचणी अजिबात नको, आतले स्प्रिंग वाकले की कायमचे वाकले.

संगणक ‘फॉरमॅट करू का?’ विचारत असेल तर ‘नाही’ म्हण. फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्राम नाव फोटोंचं लावतो, पण एमपी३ आणि फ्लॅक या गाण्यांच्या फाइलीही काढून देतो. फाइलींची मूळ नावं मात्र जातात. चेकडिस्क (विंडोजमधला डिस्क दुरुस्त करणारा प्रोग्राम) त्याच्यानंतर, कारण तो कार्डावरच लिहितो आणि मरायला टेकलेल्या कार्डावर लिहिणं म्हणजे आगीत तेल. ‘फाउंड.०००’ नावाचं फोल्डर दिसलं तर तो आधी कधीतरी चालून गेलाय असं समज.

संगणकावर सगळं नीट दिसतंय? मग कार्ड किती जीबीचं ते बघ. ४ ते ३२ जीबीची कार्डं फॅट३२ या फॉरमॅटमध्ये येतात. ६४ जीबीपासून पुढची एक्सफॅटमध्ये, आणि जुन्या प्लेअरना ते वाचताच येत नाही. अशी बरीच कार्डं फॅट३२ केली की मुकाट चालतात. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर बहुधा तो पर्यायच देत नाही, तेव्हा वेगळं फॅट३२ फॉरमॅटर घे. क्लस्टर (जागेचा एक तुकडा) ३२ केबी, पार्टिशन (कार्डाचा भाग) एकच, आणि एमबीआर या जुन्या पद्धतीचं. अर्थात त्याआधी गाणी संगणकावर उतरवून ठेव.

आता नकली कार्ड. यात भले भले फसतात. वेष्टनावर १२८ जीबी आणि आत खरी चिप ८ जीबीची. कार्ड चालवणाऱ्या कंट्रोलरलाच खोटं बोलायला शिकवलेलं असतं. फाइलींच्या नावांची नोंद बहुतांशी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात बसते, म्हणून नावं सगळी दिसतात, पण आधी भरलेली गाणी वाजतात आणि नंतरची मुकी राहतात किंवा खरखरतात. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा प्रोग्राम (लिनक्स-मॅकवर एफ-थ्री) कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतो. रिकाम्या कार्डावरच चालव. ६४ जीबीला सेकंदाला १५ एमबी या वेगानं नुसतं लिहायलाच सव्वा तास लागेल. कार्ड नवं आणलं की हे आधी करायचं, गाणी भरल्यावर नाही.

तुझ्या बाबतीत मला खरा संशय यादीचा आहे. डेटाबेस, म्हणजे प्लेअर स्वतः बनवतो ती गाण्यांची यादी, बनताना प्लेअर दर वेळी त्याच आकड्यावर अडकत असेल, तर एखादी फाइलच त्याच्या घशात अडकलीय. बिघडलेला टॅग (फाइलीतच लिहिलेलं गाण्याचं नाव, गायक वगैरे), नाहीतर गाण्यात चिकटवलेलं ३०००×३००० पिक्सेलचं अल्बमचं मुखपृष्ठ. शोधायची रीत साधी: निम्मी फोल्डरं संगणकावर हलव, डेटाबेस पुन्हा बनव. अडकला तर दोषी उरलेल्यांत, नाहीतर हलवलेल्यांत. दोषी बाजूचे पुन्हा दोन भाग कर. ६४ फोल्डरं असली तरी सहा फेऱ्यांत नेमकं फोल्डर हाती येतं. चित्र ५०० पिक्सेलवर आणलं, साधं जेपेग ठेवलं (टप्प्याटप्प्यानं उमटणारा प्रोग्रेसिव्ह प्रकार नको), की बहुतेक वेळा गाडी चालू. मॅकवरून गाणी भरली असतील तर टिंब आणि अधोरेखेनं सुरू होणाऱ्या छुप्या फाइली पुसून टाक. प्लेअर त्यांना गाणी समजतो आणि त्यांच्यापाशी ठेचकाळतो.

गाण्यांचा क्रम उलटसुलट लागतो तो बिघाड नव्हे. काही प्लेअर नावानं नाही, फाइली ज्या क्रमानं कार्डावर गेल्या त्या क्रमानं वाजवतात. फॅटसॉर्ट नावाच्या प्रोग्रामनं क्रम लाव.

कार्डावरची फाइल पुसली आणि कार्ड काढून परत लावल्यावर ती तिथंच असेल, तर मात्र हात जोड. त्या कार्डानं लिहिणं कायमचं बंद केलंय. वाचता येतंय तोवर गाणी उतरवून घे. फॉरमॅटही ते मानणार नाही.

उत्तरात एवढंच लिही: कार्ड किती जीबीचं, संगणकावर त्याचा फॉरमॅट काय दिसतो, आणि डेटाबेस कुठल्या आकड्यावर थांबतो. तोवर ते बटण दाबू नकोस.

तुझाच,
मित्र