वरच्या खोलीचं काय करायचं ते

आयोवा सिटी
१८ जानेवारी २०२६

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा आईने "जेवलीस का?" विचारलं आणि मी विषय गिळला. म्हणून पत्र. बाबा, आईला वाचून दाखवताना मधले परिच्छेद गाळू नका. तुमची ती खोड मला माहीत आहे.

मे महिन्यात तुमच्याकडून चौथीच्या स्कॉलरशिपचं कात्रण आणि कॉलेजची प्रशस्तिपत्रं स्कॅन करून मागवली होती ना? "ऑफिसात लागतायत" म्हणाले. ते खोटं होतं. ग्रीन कार्डासाठी मी स्वतःच अर्ज करत होते. नोव्हेंबरात तो मंजूर झाला, आणि डिसेंबरात पुढचा, प्रत्यक्ष कार्डाचा अर्जही गेला. म्हणजे मी विचारत नाहीये, सांगतेय. आधी विचारायला हवं होतं, हेही कळतंय.

या अर्जाच्या प्रकाराचं नाव 'असाधारण क्षमता' असं आहे. हस आई, खुशाल हस. जिची भाकरी अजून श्रीलंकेच्या आकाराची होते, तिची असाधारण क्षमता! नोबेलसारखं पारितोषिक असेल तर ते एकच पुरतं. नसेल तर १० कसोट्यांपैकी निदान ३ पुऱ्या कराव्या लागतात, आणि त्यानंतरही सगळं एकत्र तोलून बघतात की ही बाई आपल्या क्षेत्रातल्या अगदी वरच्या मोजक्यांत बसते का. माझे पूर-नकाशांवरचे निबंध, दुसऱ्यांचे निबंध तपासल्याचे पुरावे, माझी पद्धत वापरणाऱ्या लोकांची पत्रं, असं करत साडेचारशे पानं झाली. पहिला नंबर आला तरी "शेजारच्या पोराला किती मिळाले ते आधी विचार, पेढे मग" म्हणणाऱ्या घरातली मी, आणि पानापानावर माझीच आरती. लिहिताना कान तापायचे.

कात्रण मात्र वकीलबाईंनी बाजूला काढलं. शाळेतलं यश यात धरत नाहीत म्हणे. २०१९च्या पुरात घरातून निघताना तुम्ही दागिन्यांचा डबा विसरलात आणि ते कात्रण खिशात घातलंत, हे त्या बाईंना मी काय सांगणार? त्याची प्रिंट माझ्या टेबलासमोर लावली आहे.

आता तुम्ही म्हणाल, कंपनीने केला होता की अर्ज. केला होता, २०१७ साली. पण एका देशाला दर वर्षी साधारण ७ टक्क्यांच्या वर कार्डं देत नाहीत, आणि आपली रांग अजून २०१३च्या अर्जांपाशी उभी आहे. या दुसऱ्या प्रकाराची रांग छोटी. शिवाय २०१७चा जुना नंबर तिथे घेऊन जाता येतो, त्यामुळे मंजुरी येताच माझी पाळी आली. एरवी दर ३ वर्षांनी इथे राहायची मुदतवाढ मागा, नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर गाशा गुंडाळा. ओजस तिसरीत आहे. त्याला दर वेळी "बहुतेक इथेच" असं सांगायचा कंटाळा आला होता.

ही कारणं खरी आहेत. पण खरं कारण बाबांची अँजिओप्लास्टी. तेव्हा मी "सुट्टी मिळत नाही" म्हणाले होते. सुट्टी होती. तिकीटही बघून ठेवलं होतं. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. आले असते तर नव्या शिक्क्याच्या मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत परत जाता आलं नसतं, आणि ती तारीख कधी मिळेल याचा नेम नव्हता. मी हिशोब केला आणि आले नाही. त्याआधी २०१९ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तुम्ही दोघं कुलकर्णीकाकूंच्या गच्चीवर, आणि मी इथे दुसऱ्याच नदीच्या पुराचे नकाशे काढत होते. आता प्रवासाची परवानगी काही महिन्यांत येईल. ती आली की शिक्क्याची भानगड नाही. फोन आला की रात्रीच्या विमानाने निघता येईल. एवढ्यासाठी केलं हे सगळं.

मात्र "दोन-तीन वर्षांनी कायमची येते" असं म्हणत होते ना, ते आता होणार नाही. कार्ड असलं की बाहेर लांबच लांब राहता येत नाही. दर वर्षी ६ आठवडे येईन, गणपतीत किंवा दिवाळीत, तुम्ही म्हणाल तेव्हा. पासपोर्ट आपलाच राहतो बाबा, तो बदललेला नाही.

इथलं सगळं ठीक आहे. बाहेर उणे १५ आहे, पण घरात मी सुती गाऊनवर वावरते. ज्वारीचं पीठ मिळतं, कढीपत्त्याची कुंडी खिडकीत तग धरून आहे, आईच्या मेतकुटाची बरणी अर्धी उरली आहे आणि मी ती अभयपासून लपवून ठेवते. ताप आला की अजूनही आईने कपाळावर पालथा हात ठेवावा असं वाटतं. ३७ वर्षांची झाले, तरी.

आता नीट ऐका. रक्त पातळ ठेवायची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. दात काढायचा असला तरी आधी फोन. स्कूटर विकायची. विकायची म्हणजे विकायची, "नुसती चालू ठेवायला" फिरवायची नाही. आईने मोरीत रबरी मॅट घालावी, गेल्या दिवाळीला आणलेली माळ्यावर पडली आहे. आणि पावसाळ्यात पाणी ४० फुटांना लागलं, इशारा दिला, की त्याच दिवशी मिरजेला मावशीकडे. ४५ची वाट बघायची नाही. "आपल्या उंबऱ्याला लागत नाही" हे वाक्य २०१९नंतर तुम्ही उच्चारायचं नाही बाबा. पातळी मी इथून रोज बघते, मला फसवता येणार नाही.

राहिली वरची खोली. पुरानंतर तुम्ही ती माझ्यासाठी बांधलीत, संडास-बाथरूमसकट, दोन वर्षं भाडेकरू नाकारलेत. ती आता द्या. सिव्हिलमधल्या एखाद्या नर्सताईला दिलीत तर रात्री घरात कुणीतरी जाणतं माणूस असेल, मला झोप लागेल. भाडं कमी घ्या, पण द्या. रागावला असाल तर रागवा, फोन मात्र उचला. मी रविवारी करते, तुमच्या सकाळी ८ला.

माझं हिरवं कपाट तेवढं खाली आणून ठेवा. किल्ली माझ्याकडेच आहे.

तुमची,
मनू