रात्रपाळीच्या सिस्टरांना, जाहीर आभार

सिस्टर,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण जाहीर पत्रात ते मुद्दामच लिहीत नाही. ट्रॉमा आयसीयूतल्या खिडकीकडच्या खाटेवरचा, दुचाकी घसरून हँडल डाव्या बरगड्यांखाली घुसलेला पेशंट तुम्हाला आठवत असेल. मी त्याची थोरली बहीण. डॉक्टरांचे आभार आम्ही डिस्चार्जच्या दिवशी मानले, फोटोबिटो काढून. तेव्हा तुमची ड्यूटी नव्हती. त्याच्या उपचारांतला तुमचा वाटा डिस्चार्ज कार्डावर कुठेच लिहिलेला नाही, म्हणून हे पत्र.

कार्डावर लिहिलंय ते एवढंच: प्लीहेला (म्हणजे पाणथरीला) इजा, नॉन-ऑपरेटिव्ह मॅनेजमेंट. म्हणजे ऑपरेशन केलं नाही. वाचणाऱ्याला वाटेल, काहीच केलं नाही. आमच्या काकांनाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. ‘पोटात रक्त साचलंय म्हणता आणि नुसतं झोपवून ठेवता?’ असं त्यांनी सर्जनना तोंडावर विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हताच. पाणथरी फुटली की पोट उघडायचं, हे त्यांच्या पिढीनं ऐकलेलं. सर्जननी शांतपणे सांगितलं की सीटीत फाट ३ सेंटिमीटरपेक्षा खोल दिसतेय, म्हणजे पाचांपैकी तिसऱ्या ग्रेडची. पण आत्ता बीपी स्थिर आहे, पोट कडक झालेलं नाही, सीटीसाठी शिरेतून सोडलेलं कॉन्ट्रास्ट औषध कुठून बाहेर झिरपताना दिसत नाही. अशा पेशंटच्या प्लीहेतला रक्तस्राव बऱ्याचदा आपला आपण थांबतो आणि फाट भरून येते. मात्र ऑपरेशन थिएटर (ओटी), भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि सर्जन चोवीस तास हाताशी असतील तरच हा धोका पत्करायचा. ‘आणि कोणीतरी सतत बघत असेल तरच,’ असं म्हणून त्यांनी तुमच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

त्या बघण्यात काय काय असतं, हे मी पुढच्या रात्री पाहिलं. जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा अवयव, पण मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त त्यातून जातं. तिथली गुठळी सुटली तर रक्त बाहेर न दिसता पोटातच साचत राहतं. आणि तरुण, धडधाकट शरीर फार फसवं असतं. जवळजवळ ३० टक्के रक्त जाईपर्यंत ते बीपी सांभाळून धरतं. आधी बदलते ती नाडी. पहिल्या तासांतलं हिमोग्लोबिनही भरवशाचं नसतं, कारण रक्त जातं ते पेशी आणि पाणी सगळं एकत्रच जातं. उरलेलं पातळ व्हायला लागलं की मग आकडा खाली येतो. म्हणून एका रिपोर्टवर तुम्ही कधी समाधान मानलं नाहीत. मागच्या रिपोर्टशी, त्याच्याही मागच्या रिपोर्टशी ताडून बघत होतात.

त्या रात्री तो घाबरला होता म्हणून तुम्ही मला आत बोलावलंत. मॉनिटर मुकाट होता. बीपी ११८ चं ११४ झालं होतं, त्यात कोणाला काय दिसणार? पण तुमच्या चार्टवर नाडी ८८, ९६, १०४, ११२ अशी चढत गेली होती. अलार्मची मर्यादा १२० ला होती, त्यामुळे यंत्राच्या दृष्टीनं सगळं आलबेल. तुम्ही आधी साधी कारणं तपासलीत: ताप आहे का, लघवीच्या कॅथेटरची नळी कुठे दुमडली आहे का, दुखणं वाढलंय का, भीतीनं तर नाडी वाढली नाही ना. दुखतंय, पण पोटात नाही, डाव्या खांद्याच्या टोकाला, असं तो म्हणाला. खांद्याला तर मार लागलाच नव्हता. मला वाटलं अवघडला असेल. तुम्ही लगेच मान वर केलीत. पोटातलं रक्त डायाफ्रामला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, टोचायला लागलं की दुखणं खांद्यात उमटतं, केर नावाच्या जर्मन सर्जनच्या नावानं ती खूण ओळखतात, हे मी फार नंतर वाचलं. तुम्हाला ते वाचायची गरज नव्हती. त्यानं वेदनाशामक वाढवून मागितलं, तेव्हा ‘आधी डॉक्टर पोट बघतील, मग देते’ म्हणालात. तो चिडला तुमच्यावर. त्याच्या वतीनं आता माफी मागते, तो स्वतः मागेल असं दिसत नाही.

निवासी डॉक्टरांना तुम्ही फोनवर काय सांगितलंत तेही लक्षात आहे. ‘पेशंट सिरियस आहे’ असं नव्हे, तर चार आकडे, त्यांच्या वेळा, लघवी किती कमी झाली ते, आणि शेवटी ‘मला हा कल आवडत नाही, तुम्ही या.’ ते आले. सोनोग्राफीत पोटातलं रक्त आधीपेक्षा वाढलेलं दिसलं. सलाईनवर नाडी थोडी खाली आली, बीपी टिकून होतं, म्हणून ओटीकडे न जाता पुन्हा सीटी केला. त्यात प्लीहेच्या आतल्या धमनीला फुगा आलेला दिसला, स्यूडोॲन्युरिझम. पहिल्या सीटीत तो नव्हता. बिघडायचं असेल तर बहुतेक वेळा पहिल्या ३ दिवसांतच बिघडतं म्हणतात, तसंच झालं. असा फुगा दिसला की २०१८ च्या सुधारित वर्गीकरणानुसार इजा चौथ्या ग्रेडला जाते.

पुढचं काम इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टचं, म्हणजे स्कॅनवर बघत बघत रक्तवाहिनीतून उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं. जांघेतल्या धमनीतून बारीक कॅथेटर प्लीहेच्या धमनीपर्यंत नेऊन तिथे धातूच्या बारीक तारेची वेटोळी (कॉइल) सोडली. मोठ्या धमनीतच अडथळा घातला तर प्लीहा मरणार नाही का, असं मी विचारलं. त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवली: जठराकडून येणाऱ्या लहान रक्तवाहिन्या तिला जगवतात, फक्त आतला दाब उतरतो. इमारतीचा मुख्य कॉक आवळावा आणि घराघरांत पाणी बारीक धारेनं यावं, तसं काहीसं. त्याच्या रक्ताशी जुळवून (क्रॉसमॅच करून) ठेवलेली एक पिशवी रक्त लागलं. पोटावर टाका एकही नाही. हे सगळं जमलं, कारण फुगा फुटायच्या आत तो दिसला. आणि तो दिसला, कारण अलार्म वाजायची वाट तुम्ही पाहिली नाहीत.

ऑपरेशन टळलं म्हणजेच उपचार चांगले, असं मला म्हणायचं नाही. शेजारच्या खाटेवरच्या मुलीला आणलं तेव्हा तिचं बीपी रक्त देऊनही टिकत नव्हतं. तिला सीटीला न नेता थेट ओटीत नेलं आणि प्लीहा काढली. ती त्यामुळेच वाचली. तिचे वडील मात्र ‘आमच्याच पोरीची का काढली’ या विचारानं खचले होते. पहाटे काम थोडं हलकं झाल्यावर तुम्ही त्यांच्याजवळ उभं राहून बोललात, ते मी पलीकडून ऐकत होते. प्लीहा नसली तरी माणूस नीट जगतो, पण न्यूमोकोकससारख्या जंतूंशी लढायची ताकद कमी होते. म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस यांच्या लसी घ्यायच्या, त्याही साधारण ऑपरेशननंतर १४ दिवस उलटल्यावर, म्हणजे शरीर त्यांना नीट दाद देतं. आणि थंडी वाजून ताप आला तर घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. प्लीहा नाही हे भेटेल त्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगायचं. हे तुम्ही त्यांच्याकडून परत वदवून घेतलंत. बऱ्याच ठिकाणी एवढी महत्त्वाची गोष्ट छापील कागदावर सोपवून मोकळे होतात.

घरी आल्यावर मी या विषयावर बरंच वाचलं. प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांमध्ये जीवघेणा जंतुसंसर्ग होतो, हे किंग आणि शूमाकर यांनी १९५२ मध्ये मांडलं. टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयातल्या सर्जननी काही मुलांना ऑपरेशनशिवाय बरं होताना पाहिलं होतं. तो अनुभव उपाध्याय आणि सिम्पसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. हे उपाध्याय म्हणजे पुढे दिल्लीच्या एम्समध्ये बालशल्यचिकित्सा शिकवणारे. मोठ्यांच्या बाबतीत ही पद्धत रुळायला आणखी काही वर्षं गेली, सीटी स्कॅन आल्यावर तिनं जोर धरला. या सगळ्या इतिहासात सर्जन आहेत, यंत्रं आहेत. रात्री दर तासाला नाडी, बीपी आणि लघवीचं माप लिहिणारं कोणी त्यात मला भेटलं नाही. ती नोंद नसती तर न कापता थांबायचं धाडस कुठल्या सर्जननं केलं असतं?

तो आता बरा आहे. पुन्हा केलेल्या तपासणीत फुगा बुजलेला दिसला, हिमोग्लोबिन वर येतंय. ऑफिसला जाऊ लागलाय, वजन उचलायला आणि मैदानी खेळांना अजून परवानगी नाही, त्यावरून रोज कुरकुर करतो. पोटात अचानक दुखलं, चक्कर आली किंवा खांदा दुखला तर लगेच परत यायचं, हे तुम्ही लिहून दिलेलं वाक्य आईनं फ्रिजवर लावलंय.

सकाळी ड्यूटी बदलताना तुम्ही पुढच्या सिस्टरना तोंडी आकडे सांगून, शिवाय खाटेपाशी नेऊन पोटावर हात ठेवायला लावायचात. त्या सिस्टरनाही आमचा नमस्कार सांगा. मध्यरात्री सॅम्पल घेऊन पळणारे मामा, रक्तपेढीत जागं असलेलं कोणी, आणि झोपेतून उठून आलेले ते निवासी डॉक्टर यांनाही.

तुमची,
खिडकीकडच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण