कोचला नारळ दिला, पण टीम कुणाची?

संपादक साहेब,

क्रीडा पानावर कुठला कोच जाणार हेच जास्त वाचायला मिळतं, पण त्याच्यासाठी घेतलेल्या प्लेयर्सचं पुढे काय होतं ते कुणी लिहितच नाही. इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचं, मँचेस्टर युनायटेडचंच बघा ना, जुलै 2024 मध्ये कोच टेन हागचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं, त्याच्या ओळखीचे प्लेयर डी लिख्ट, मझरावी आणले आणि ऑक्टोबरमध्ये त्याला घरी पाठवलं. मग नवा कोच आला अमोरिम, तो तीन डिफेंडर आणि विंगबॅकवाला (विंगबॅक म्हणजे कडेने वर-खाली पळणारे), म्हणजे चार डिफेंडरच्या हिशोबाने जमवलेली टीम पुन्हा उसवायची!

उलट इंग्लंडचाच ब्रायटन क्लब बघा. कायसेडो या प्लेयरला 2021 मध्ये पाचेक मिलियन पाउंडला घेतला आणि 2023 मध्ये चेल्सी क्लबला 100 मिलियनच्या वर विकला. त्याच्या आधी 2022 मध्ये चेल्सीने त्यांचा कोच पॉटरही नेला, तरी नवा कोच डी झर्बी येऊन गाडी सुरूच, कारण प्लेयर कोण घ्यायचे हे तिथे क्लब ठरवतो.

आणि अजून एक, क्लबने स्वतःच्या अकादमीत घडवलेला पोरगा विकला की खरेदी किंमत शून्य असल्याने हिशोबात सगळा नफाच दिसतो, विकत घेतलेल्याची किंमत मात्र कॉन्ट्रॅक्टच्या वर्षांत वाटून खर्चात धरतात. म्हणून चेल्सीच्या अकादमीतल्या माउंटसारखे घरचेच आधी जातात, फॅन्स बसतात बोंबलत. (मीपण त्यातलाच.)

ट्रान्सफरच्या बातमीत हा हिशोबही छापा की राव.

– एक फुटबॉलवेडा वाचक