आमच्याकडे त्याला निस्तार म्हणतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात आमच्या गावात दोन मुली सर्वेक्षणाला आल्या होत्या. जंगलालगतच्या गावकऱ्यांना जंगलाचा काय फायदा वाटतो, असा विषय. मुली चुणचुणीत, वागायला गोड, फाट्यापासून उन्हात पायी आलेल्या. आमच्या ओसरीवर टेकल्या तेव्हा आईनं पाणी दिलं आणि पळसाच्या द्रोणात चारं आणून ठेवली. (चारोळी ज्या फळाच्या बीतून निघते ते हे फळ. शहरातल्या वाचकांना सांगावं लागतं.) मग फॉर्म निघाला. ‘जंगलापासून कुटुंबाला वर्षाला किती रुपये उत्पन्न मिळते?’ आई म्हणाली, "मले कोनता पैसा देते जंगल? काही नाही बाई." मुलीनं शून्य लिहिलं. चारं संपली. द्रोण शेळीनं खाल्ला.

मी बाजूलाच धानाची पोती शिवत बसलो होतो, तेव्हा बोललो नाही. आता राहवत नाही.

त्याच दिवशी चौकात पुरुषांनी जे सांगितलं ते मला नंतर कळलं. सगळ्यांचं एकच उत्तर, तेंदूपत्ता. ते खोटं नाही. झुंजुरकाच्या अंधारात अख्खं घर जंगलात शिरतं, दुपारी अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं घेण्याच्या जागी, नेऊन मोजून देतं. त्या पंधरा-वीस दिवसांच्या पैशावर रोवण्याचा खर्च निघतो, पोरांच्या वह्या-पुस्तकांचं भागतं. पैसा दिसतो म्हणून तो तोंडावर येतो. पण अहवालात ‘विदर्भातले गावकरी जंगलाकडे तेंदूपत्त्यापुरतं पाहतात’ असं छापून येणार असेल, तर माझी त्याला हरकत आहे.

कारण पैशाचं सोडून बाकीचं जे आहे त्याला आमच्याकडे फायदा म्हणतच नाहीत. त्याला शब्द आहे निस्तार. जळतन, कुंपणाचे काटे, नांगराला लाकूड, मांडवाला डेऱ्या, ढोरांची चराई, घर शाकारायला गवत, घरात लागतं ते घरापुरतं आणणं म्हणजे निस्तार. पूर्व विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्या काळची निस्तार पत्रकं अजून महसुलाच्या दप्तरात आहेत. कोणत्या गावानं कुठून काय आणायचं ते त्यात लिहिलेलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांच्या कलमात हाच शब्द, निस्तार, जसाच्या तसा आला आहे. कायदा करणाऱ्यांना जो शब्द सापडला तो फॉर्म बनवणाऱ्यांना सापडू नये? आईला कुणी विचारलं असतं, "बाई, तुमचा निस्तार कुठून होते?" तर तिनं मुलींना संध्याकाळपर्यंत उठू दिलं नसतं.

तिचा हिशेब मी सांगतो. चैत्रात मोहफूल. पहाटे पडायला लागतं, ऊन चढायच्या आत टोपलीत यावं लागतं, मग तीन-चार दिवस अंगणात वाळवायचं. वैशाखात चारं आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं. पहिला पाऊस पडला की तरोट्याची कोवळी भाजी, मग कुड्याची फुलं, काटवलं, बांबूचे वास्ते म्हणजे कोवळे कोंब. आणि ढग गडगडले की टेकोडे आणि सात्या, या रानातल्या अळंब्या. सात्या वारुळाच्या जागी निघतात, आणि ज्या बाईला ती जागा माहीत असते ती आपल्या सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. आईनं मलाही सांगितलेली नाही, माझ्या बायकोला सांगितली आहे. पावसाळ्यात सिंदेवाही-मूल रस्त्याच्या कडेला पानावर मांडून या सात्या विकायला बसलेल्या बाया दिसतात. भाव मटणाशी बरोबरी करतो, पण आमच्या घरची आजवर एकही विकली गेली नाही. मग ती उत्पन्नात कशी धरायची?

कुणाला विचारता यावरही बरंच आहे. बुरडाला विचारा, तो हिरव्या बांबूपासून सुरू करील, कारण वाळका बांबू सुपाला चालत नाही. ज्या विधवा बाईला एक गुंठाही शेत नाही, तिच्या चुलीसाठी जंगल हेच शेत. आणि माझ्यासारख्या धानवाल्याला विचाराल तर मी तलाव सांगीन.

आमच्या तीन एकराला मामा तलावाचं पाणी आहे. मालगुजारी तलावाला इकडे सगळे मामा तलावच म्हणतात. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या मंडळींनी भंडारा-चंद्रपूरकडे हे तलाव बांधले, आणि जागा बघताना वर जंगल, मध्ये तलाव, खाली धानाच्या बांध्या, असा उतार धरला. वरच्या पहाडीवर झाडी होती तोवर पाणी उशिरा यायचं आणि निवळ यायचं, असं वडील सांगत. आता पहाडीची एक बाजू बोडकी झाली आहे. त्या बाजूनं पहिल्याच पावसात लाल पाणी येतं आणि तलावात गाळ घालून जातं. शेवटच्या पाण्याला, धान निसवताना म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, तलाव अर्ध्यावर असतो. याला कुणी परिसंस्था-सेवा म्हणो. मला एवढं कळतं की पहाडीवरची झाडं गेली आणि माझ्या खालच्या दोन बांध्या कोरड्या पडायला लागल्या.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर आम्ही सगळे जंगलाच्या प्रेमात आकंठ बुडालो आहोत असं वाटेल. तसं काही नाही. धान निसवला की रानडुकरं रात्रीत बांधी लोळवतात. दोन वर्षांपूर्वी माझी पाऊण एकर गेली. पंचनाम्याला जी तीन माणसं यायला हवी होती त्यांची तारीख जुळेपर्यंत मी उरलेला धान कापून घेतला होता, मग नुकसान दाखवायचं कशात? वाघाचं तर विचारूच नका. चंद्रपूर जिल्ह्यात मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत बाया जंगलात गेल्या की घर दारात उभं असतं. माणूस गेल्यावर मिळणारी मदत सरकारनं २५ लाखांवर नेली, चांगलं केलं. पण वाघ बघायला येणाऱ्या जिप्सीचा पैसा एका गावात जातो आणि वाघाचा मार दुसऱ्या गावाला बसतो, हे प्रत्येक ग्रामसभेत बोललं जातं. जंगलाचा फायदा सगळ्यांना थोडा-थोडा आणि तोटा काठावरच्या दहा घरांना सगळा, असा हा प्रकार आहे. सर्वेक्षणात गावाची सरासरी काढली की ही दहा घरं नाहीशी होतात.

एक गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिली. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) आणि गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव ही दोन्ही गावं मी पाहून आलो आहे. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पाचगावला २०१२ मध्ये हजारेक हेक्टरवर. बांबू ते आपला आपण तोडतात, आपला आपण विकतात. पण मला नवल वाटलं ते पाचगावच्या लोकांचं. हक्क हाती आल्यावर त्यांनी तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. पानांसाठी झुडपं छाटली जातात, आगी लावल्या जातात, टेंभरं धरत नाहीत, म्हणून नको. आमच्या चौकात ज्या एका फायद्यावर सगळ्यांचं बोट होतं तोच या लोकांनी सोडून दिला. तिथल्या माणसांच्या बोलण्यात ‘वनखात्याचं जंगल’ असा शब्द आला नाही. आमच्या गावात दुसरा शब्दच नाही.

आग या शब्दावरून माझी स्वतःची लाज सांगतो. मी बारा-तेरा वर्षांचा असताना मोहाखालचा पाचोळा मीच पेटवत असे. खालची जमीन काळी झाली की पिवळी फुलं चटकन दिसतात, वेचायला सोपं. एका वर्षी वारा फिरला आणि आग नाल्यापलीकडे गेली. दोन दिवस धूर होता. कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. वनखात्याचं होतं ना! गेल्या चार वर्षांपासून आई मोहाखाली जुनी लुगडी आणि मच्छरदाणीचं जाळं अंथरते. पाठ वाकवावी लागत नाही, फुलाला माती लागत नाही. आमच्या मोहाखाली आता कुड्याची रोपं गुडघ्याएवढी आली आहेत. हे तिला कोणत्याही शिबिरात शिकवलेलं नाही. शेजारच्या गावच्या भाचीनं केलं, ते हिनं पाहिलं.

आमच्या ग्रामसभेनंही सामूहिक वनहक्काचा दावा केला आहे. नकाशा जोडला, ठराव जोडले, म्हाताऱ्यांचे जबाब जोडले, निस्तार पत्रकाची प्रत जोडली. फाईल एका कार्यालयात आहे. तीन वेळा गेलो, दर वेळी टेबल बदललेलं. मधल्या काळात जंगलाचा फायदा विचारायला दोन सर्वेक्षणं मात्र येऊन गेली.

म्हणून त्या मुलींच्या वरिष्ठांपर्यंत पोचेल या आशेनं लिहितो. सर्वेक्षण जरूर करा, पण मे महिन्यात नको, तेव्हा अर्धं गाव तेंदूला असतं आणि चौकात उरलेले पुरुष तेवढे सापडतात. श्रावणात या. काठावरच्या घरांपासून सुरुवात करा आणि आधी घरच्या बाईशी बोला. निघताना आईला नक्की भेटा. सात्या खाऊ घालील, जागा सांगणार नाही.

आपला,
एक धान उत्पादक शेतकरी,
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर