मिनिमम फ्युएल म्हटल्यावर काय होतं

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मिनिमम फ्युएल सांगितलं की आपल्याला आधी उतरवतात." एअर ट्रॅफिक कंट्रोलरची मुलगी असं म्हणते म्हटल्यावर गप्प कसा बसू? नाही उतरवत, बाळ. ती वैमानिकाने कंट्रोलरला दिलेली नुसती सूचना आहे: आता मी याच विमानतळावर उतरणार, आणि यापुढे क्लिअरन्स, म्हणजे मला दिलेली परवानगी, बदललात तर माझ्या फायनल रिझर्व्हला हात लागेल. जेटच्या बाबतीत हा रिझर्व्ह म्हणजे विमानतळावर 1500 फुटांवरून 30 मिनिटं घिरट्या घालण्यापुरतं इंधन. रांग मोडायची तर 'मेडे, मेडे, मेडे, फ्युएल' ही संकटाची हाक द्यावी लागते. जवळच्या सुरक्षित विमानतळावर उतरतानाही रिझर्व्ह शाबूत राहणार नाही असा हिशेब निघाला, की लगेच म्हणायचं. टाकी आटायची वाट बघायची नाही.

25 जानेवारी 1990 ची एव्हियांका 52 या कोलंबियन विमानाची गोष्ट वाच. बोइंग 707, मेडेयीनहून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाकडे. हवा खराब, वाटेत तीनदा मिळून 1 तास 17 मिनिटं होल्डिंग, म्हणजे हवेतच घिरट्या. को-पायलटने 'प्रायॉरिटी' मागितली, पण 'इमर्जन्सी' हा शब्द काही उच्चारला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. कॅप्टन त्याला स्पॅनिशमध्ये सांगतोय, आणीबाणी आहे म्हणून कळव. आणि हा को-पायलट कंट्रोलरने दिलेली 180 अंशांची दिशा परत म्हणून दाखवता दाखवता, त्याच दमात, इंधन संपत आल्याचं सांगून मोकळा. कंट्रोलर 'ओके' म्हणाला. थोड्याच वेळात इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोव्ह नेकच्या टेकडीवर आदळलं. 158 पैकी 73 जण गेले. आग लागली नाही. पेटायला इंधनच नव्हतं.

तपास अहवालाने मुख्य ठपका वैमानिकांवर ठेवला, पण अशा वेळी काय म्हणायचं याची ठराविक, सर्वांना कळणारी भाषा नव्हती हेही नोंदवलं. मला त्या कंट्रोलरचा राग येत नाही. पावसाळी संध्याकाळी फ्रिक्वेन्सीवर जो तो इंधनाचं रडगाणं गातो. कान बधिर होतात. मेडे ऐकलं की मात्र माणूस खुर्चीत ताठ होतो.

आणि हो, मिनिमम फ्युएल सांगितल्यावर 'नो डिले एक्स्पेक्टेड' असं उत्तर आलं तर ठीक. उशीर सांगितला, तर त्या मिनिटांचा हिशेब तिथल्या तिथे कर, आणि रिझर्व्ह मोडत असेल तर पुढच्याच कॉलला मेडे दे.

आईने चिवडा पाठवलाय.

तुझा,
बाबा